चार नंबर चेंबरचा फोन

लाइट येईपर्यंत एक गोष्ट सांगतो, पण आधी ते मोबाइलचे टॉर्च बंद करा. नूपुर, तुझाही. आणि ऋषी, मधेच "काका, हे खरं कशावरून" असं विचारायचं नाही. ज्याच्यावर बेतलं, त्या माणसानं माझ्यासमोर बसून मान खाली घालून सांगितलं आहे. समोरचा चहा गार झाला, वर साय धरली, पण त्यानं मान काही वर केली नाही.

गिरिधर त्याचं नाव. टेलिफोनचा मेकॅनिक. ऑफिसात, हॉटेलात, दवाखान्यात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फोन लावायला भिंतीवर एक डबा असतो ना, इंटरकॉमचा, तो दुरुस्त करायचं त्याचं काम. बाकीच्या मेकॅनिक लोकांनी मोबाइलची दुकानं थाटली, हा मात्र जुने डबे धरून बसला. ज्यांच्याकडे असे डबे उरले होते त्यांना दुसरा कोणी मिळतही नसे. हात चांगला, बोलणं गोड. खोड म्हणाल तर एकच, काम आटोपून घरी पळायची घाई.

लकडगंज मागे टाकून भंडारा रोडला लागलं की एक मिरचीचं कोल्ड स्टोरेज आहे. मिरची थंडाव्यात ठेवली की वर्षभर लाल राहते, म्हणून व्यापारी पोती आणून ठेवतात. आत मोठमोठ्या खोल्या, त्यांना तिथं चेंबर म्हणतात. भिंती थर्माकोल भरून हातभर जाड केलेल्या. आत शिरलं की मोबाइलची रेंज पार जाते. म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये दाराजवळ भिंतीला एक साधा फोन लावलेला. आतल्या माणसानं तो उचलला की बाहेर ऑफिसातल्या टेबलावर घंटी वाजते आणि डब्यावर त्या चेंबरचा छोटा लाल दिवा लागतो. ऑफिसच्या नंबरवर बाहेरून येणारे-जाणारे फोनही त्याच डब्यातून जायचे, आणि गिरिधर त्याची देखभाल करायचा.

आता नीट ऐका. दोन वर्षांपूर्वीचा पोळा.

पोळ्याच्या दिवशी तिथले हमाल झाडून सगळे गावी जातात. कोणी कुहीकडचा, कोणी मांढळचा. घरी बैल असो नसो, पोळा गावातच व्हायला पाहिजे. दुपारी कोल्ड स्टोरेज रिकामं झालं, गेटवर चौकीदार तेवढा राहिला. संध्याकाळी तिथल्या लाइटचा काहीतरी घोटाळा झाला. खांबावरची न्यूट्रलची तार सुटली आणि एकदम दुप्पट करंट आला. दोनचार ट्यूबलाइट फुटल्या, पंखा जळाला. वायरमन येऊन तार जोडून गेला, पण इंटरकॉमचा डबा काही उठेना.

मालकाच्या मुलाचा, पुष्करचा, गिरिधरला फोन आला. तो स्वतः घरी सणाच्या गडबडीत होता. वडील मिरची घ्यायला गुंटूरला गेलेले आणि तिथून ऑफिसच्या नंबरवर फोन लावून लावून थकलेले. चौकीदाराशी ट्रकचं बोलायचं होतं त्यांना.

"गिरिधरभाऊ, एवढं करून द्या. बाबा फोन लावून राहिले आन् लागून नाही राहिला. शिव्या मले पडून राहिल्या."

गिरिधरच्या घरी त्या रात्री साळा जेवायला यायचा होता. पण पोटापाण्याचं काम, नाही कसं म्हणणार. पिशवी उचलली, गाडीला किक मारली. साडेआठच्या सुमाराला पोचला. चौकीदारानं ऑफिस उघडून दिलं आणि तो गेटवर जाऊन बसला.

काम काही अवघड नव्हतं. डबा बंद केला, आतलं कार्ड, म्हणजे सर्किटची पाटी, उपसून पुसलं, फ्यूज बदलला, पुन्हा चालू केला. हिरवा दिवा लागला. वजनकाट्याचा फोन लागला, गेटचा लागला. गिरिधर पिशवीची चेन लावत होता, एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. डब्यावर चार नंबरच्या चेंबरचा लाल दिवा लागलेला.

त्यानं उचलला. "हॅलो."

पलीकडे बोलणं नाही. नळाला पाणी यायच्या आधी हवा येते तशी नुसती घरघर.

ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा तीच घरघर.

आता या लोकांची एक पद्धत असते, ती समजून घ्या. जास्तीचा करंट आला की एखादी लाइन आतल्या आत चिकटते. मग फोन कोणी उचललेला नसतानाही डब्याला वाटतं, उचलला. घंटी वाजत राहते, दुसरे फोन अडून बसतात. अशा वेळी मेकॅनिक फार विचार करत नाही. डब्याच्या बाजूला तारांचा बोर्ड असतो, त्यावरून त्या लाइनीची तारांची जोडी धरायची, एक झटका द्यायचा, लोंबती सोडून द्यायची. बाकीचं सगळं चालू होतं. लोंबतीचं काय ते सकाळी. सगळे असंच करतात, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा त्यात काही चूक नसते.

तेवढ्यात बायकोचा मोबाइल. भाऊ येऊन बसला आहे, पानं वाढू का थांबू? गिरिधर म्हणाला, वाढ, निघालोच. आणि टेबलावरचा फोन तिसऱ्यांदा वाजला.

त्यानं वैतागून उचलला आणि विचारलं, "कोण?"

घरघर थांबली.

पोरांनो, लाइनीतली खरखर प्रश्न विचारल्यावर थांबत नसते. तिला कान नसतात. गिरिधरचं आयुष्य त्या खरखरीत गेलेलं, त्याला हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. घरघर थांबली, एक आवंढा गिळल्यासारखा आवाज आला आणि मग पुन्हा सुरू झाली. पहिल्यापेक्षा जोरात. घाईघाईनं.

गिरिधरनं रिसीव्हर खाली ठेवला. बोर्डाजवळ गेला. चार नंबरची जोडी बोटात धरली. तो मला म्हणाला, त्या वेळी एक विचार आला होता. चेंबर काही गावाबाहेर नव्हता, ऑफिसचं दार ओलांडलं की समोरच. चौकीदाराला हाक मारली असती तरी भागलं असतं. पण मग दार उघडा, आत बघा, उंदरानं फोन पाडला असेल तर तो लावा, त्यात अर्धा तास मोडणार. सगळे तर गावी गेलेत. आत कोण असणार?

झटका दिला. टक.

लाल दिवा विझला, घंटी बंद. लगोलग गुंटूरचा फोनही आला आणि चौकीदार बोलला. गिरिधर घरी वेळेवर पोचला. साळ्याच्या पंगतीला बसून पुरणपोळी खाल्ली, वर तूप मागून घेतलं. ते तूप मागितल्याचं त्यानं मला दोनदा सांगितलं.

सण आटोपून हमाल परतले आणि त्यांनी चार नंबरचं दार उघडलं. दाराशेजारी भिंतीला टेकून गणपतराव बसलेले होते. रिसीव्हर मांडीवर.

गणपतराव म्हणजे तिथले मुकादम. कुहीजवळच्या खेड्यातले. पोतं हातानं दाबून आतली मिरची ओली की कोरडी सांगणारा माणूस. दम्याचा त्रास होता, पण काम सोडवत नव्हतं. दुपारी सगळ्यांना त्यांनी पुढं धाडलं, म्हणाले, एक चक्कर मारतो आन् शेवटच्या बसनं निघतो. त्या चकरेत चार नंबरचं दार मागून लागलं. आतली मूठ कित्येक दिवसांची अडकत होती. वर मिरचीची धूळ, वर थंडी, आणि दमा उठलेला. मोबाइल बाहेर खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यात. घरचे समजले, कामात अडकले असतील. इथले समजले, घरी पोचले असतील. त्या अमावस्येला त्यांना शोधणारं कोणीच नव्हतं, आणि ज्याला त्यांनी शोधलं त्यानं तार ओढली.

पंचनामा झाला. पोलिसांनी विचारलं, आतला फोन चालू होता का? पुष्करनं गिरिधरला बोलावून घेतलं. गिरिधर आला. बोर्डावर जोडी लोंबत होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पण तिचा अर्थ कळणारा तो एकटाच. आणि तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, ती लाइन करंटमध्ये जळाली होती, म्हणून काढून ठेवली. पिशवीत दुसऱ्या कुठल्यातरी ऑफिसचं जळकं कार्ड पडलेलं होतं. तेच त्या लाइनीचं म्हणून काढून दाखवलं. पोलिसानं त्याचा फोटो काढला. झालं.

फाटकाबाहेर गणपतरावांची बायको उभी होती, पुष्पलताबाई. बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी, करिष्मा. पुष्पलताबाईंनी गिरिधरला थांबवलं आणि अगदी हळू विचारलं.

"भाऊ, त्याइनं फोन लावला असन का जी?"

"नाही ताई. फोन जळाला होता. लागलाच नसता."

बाईंनी मान हलवली आणि आभार मानल्यासारखे हात जोडले. गिरिधर म्हणतो, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

खोटं एकदा बोललं की ते तिथंच बसून राहत नाही. फोन लावला नाही, दार वाजवल्याचं चौकीदारानं ऐकलं नाही, मग हा माणूस आत करत काय होता? लोकांनी आपापसात ठरवून टाकलं, पोळ्याची पिऊन पडला असेल. गणपतरावांनी जन्मात थेंब चाखला नव्हता. पण कोल्ड स्टोरेजवाल्यांना तेच सोयीचं होतं. अडकलेल्या मुठीबद्दल मग कोणी विचारलं नाही. गावातही तेच पसरलं. सणाच्या दिवशी घरी बैल ओवाळायचे सोडून तिकडं पीत बसला म्हणे. करिष्माला कॉलेजच्या बसमध्ये ऐकावं लागलं. पुष्पलताबाईंनी हळदीकुंकवाला कोणाकडे जाणं तर सुटलंच होतं, आता विहिरीवर जाणंही टाकलं. तो माणूस शुद्धीवर होता, शेवटपर्यंत धडपडत होता, त्यानं तीनदा फोन लावला, हे सांगू शकणारा जगात एकच जण होता. आणि तो शरमेनं तोंड लपवून बसला होता.

वर्षभर गिरिधरनं त्या रस्त्याला जायचं टाळलं. पुष्करचा फोन आला की कुठलं ना कुठलं काम सांगायचा. दोनदा कुहीच्या बसमध्ये चढला आणि दोन्ही वेळा उमरेड रोडलाच उतरून परत आला. काय सांगणार? लाज अशी चीज आहे की जेवढी ठेवाल तेवढी जड होते. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर चूक होती. वर्षानं सांगायचं म्हणजे पाप कबूल करायचं.

मग आला गेल्या वर्षीचा पोळा.

संध्याकाळपासून वीज कडकडत होती. पुष्करचा फोन आला, पुन्हा तसाच करंट आला, डबा बंद पडला. गिरिधरनं टाळाटाळ केली. पुष्कर ऐकेना.

"काहून टाळून राहिले तुम्ही? तुमच्याशिवाय त्या डब्याले हात लावणारा हाय कोण?"

गिरिधर गेला. चौकीदार नवा होता, पोरगेला, गेटवर मोबाइल बघत बसलेला. त्यानं किल्ल्यांचा जुडगा काढून दिला. म्हणाला, तुम्हीच उघडा जी, मी पावसात नाही येत.

ऑफिस तसंच. डबा तसाच. बाजूच्या बोर्डावर चार नंबरची जोडी वर्षभर लोंबतच राहिलेली. तो चेंबर त्यांनी बंदच ठेवला होता, मग लाइन जोडायची कोणाला पडली होती? गिरिधरनं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं. डब्याचं झाकण काढलं. जळल्याचा वास आला. या वेळी कार्ड खरंच गेलं होतं. त्यानं मेन बंद केला. बॅटरीची वायर काढली. कार्ड उपसलं, फडक्यात गुंडाळलं, पिशवीत टाकलं. घरी नेऊन बघू. आता डबा म्हणजे नुसता पत्र्याचा खोका. ना करंट, ना कार्ड.

त्यानं पिशवी खांद्याला लावली.

आणि टेबलावरचा फोन वाजला.

गिरिधर उभाच राहिला. डब्याकडे बघितलं. रिकामा. मेनकडे बघितलं. बंद. फोन वाजतोय... वाजतोय... थांबला. बाहेर पाऊस. पुन्हा वाजला.

उचलला.

घरघर.

तीच... नळातल्या हवेसारखी. थांबत, अडखळत.

त्याला "कोण" म्हणायचं धाडस होत नव्हतं. रिसीव्हर हातातून सुटला, टेबलाखाली लोंबत राहिला. त्यातूनही ऐकू येत होतं. घरघर... घरघर...

पळून जायचं, हाच पहिला विचार. गाडी फाटकापाशीच होती. चार पावलं गेलाही. पण मग पाय थांबले. भीतीनं नाही. त्याला वाटलं, गेल्या वर्षी मी दार उघडून बघितलं नाही. आज पण नाही बघितलं, तर मग मी कोण?

त्यानं जुडग्यातली किल्ली शोधली. चार नंबरचं दार ओढलं. जड दार, कुरकुरत उघडलं. ते परत लागू नये म्हणून उंबऱ्यात पिशवी ठेवली, वर एक लाकडी ओंडका. मोबाइलचा टॉर्च लावून आत गेला.

आत काही नव्हतं. पोती नाहीत, थंडावा नाही. नुसता मिरचीचा जुना वास, भिंतीत मुरलेला. दाराशेजारी भिंतीवर फोन. रिसीव्हर खाली लोंबत होता... हळूहळू हलत होता. कोणी आत्ता सोडल्यासारखा.

गिरिधरनं तो उचलला. कानाला लावला.

आधी काही नाही. त्याला वाटलं, सांगून टाकू. इथं तरी. "गणपतराव, मी ऐकलं होतं." एवढंच म्हणायचं होतं.

तोंड उघडलं आणि घशात मिरची शिरली. खोकला नाही... श्वासच अडकला. आवाज म्हणून निघाली ती नुसती घरघर. त्याच्याच छातीतून.

पलीकडे कोणीतरी रिसीव्हर उचलला होता. मागे मोबाइल वाजून थांबल्यासारखं झालं. आणि एक वैतागलेला आवाज आला.

"कोण?"

तो आवाज गिरिधरचा होता.

त्याचा स्वतःचा. आदल्या पोळ्याचा.

गिरिधरचा श्वास थांबला. आवंढा गिळला. मी आहे... मी आत आहे... दार उघड. ओरडायचं होतं. घरघर. नुसती घरघर. जोरात. आणखी जोरात. पलीकडचा माणूस ऐकत होता. ऐकतोय हे कळत होतं. त्याला घरी जायचं आहे, हेही कळत होतं. त्याला समजलं आहे की आत कोणीतरी आहे... हे पण कळत होतं.

मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज.

मग पावलं. बोर्डाकडे जाणारी.

नको... नको...

टक.

त्यानंतर जी शांतता झाली ती गिरिधरला सांगता येत नाही. मी विचारलं, तर नुसता हात हलवला. टॉर्च विझला होता. भिंतीला पाठ टेकवून तो खाली बसला होता, रिसीव्हर मांडीवर. दार उघडंच होतं, पिशवी उंबऱ्यात होती. कोणी कोंडलं नव्हतं. पण उठून बाहेर यायला त्याला फार वेळ लागला.

सकाळी शहरात मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची गर्दी उसळली होती, ढोल, आरोळ्या, ईडा पीडा घेऊन जाण्याचा गजर. त्यातून वाट काढत गिरिधर गाडी घेऊन कुहीकडं निघाला. पिशवी तशीच खांद्याला, कार्ड तसंच फडक्यात. अंघोळ नाही, जेवण नाही. पोचायला दुपार उलटली, कारण वाटेत सात ठिकाणी थांबला. कधी चहाला, कधी नुसता झाडाखाली. रात्री एवढं भोगूनही माणूस दिवसा पुन्हा डगमगतो बघा.

पुष्पलताबाईंनी ओळखलं. भाऊ म्हणून पडवीत बसवलं, पिशवी खुंटीला लावली. करिष्मानं पाणी आणून दिलं. बाहेर बारीक पाऊस. तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल ओढत पाराकडे चाललेली. बाईंनी विचारलं, इकडं कसे आले जी? गिरिधरनं पेला तोंडाला लावला, खाली ठेवला, आणि म्हणाला,

"काई नाही ताई. सहजच. इकडं एक काम होतं."

पुन्हा खोटं. त्याला स्वतःची किळस आली, पण जीभ वळेना. दोन मिनिटं हवापाण्याचं बोलला. उठला. चप्पल पायात घातली. येतो म्हणाला.

तेवढ्यात घरात मोबाइल वाजला.

करिष्मानं तो आणून आईच्या हातात दिला. बाईंनी नंबर बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसचा नंबर. गणपतराव रोज रात्री त्याच नंबरवरून बोलायचे, तो नावानिशी ठेवलेला होता, त्यांच्याच नावानं. बाईंनी कानाला लावला. हॅलो म्हणाल्या नाहीत. कोण म्हणाल्या नाहीत. ऐकत राहिल्या. मग मोबाइल कानापासून काढला, त्यावरचं एक बटण दाबलं आणि तो दोघांच्या मधे पडवीच्या जोत्यावर ठेवला.

घरघर. पडवीभर.

"काई बोलून नाही राहिले," बाई म्हणाल्या. "पन हा दम त्याइचा हाय भाऊ. रात रात उशाशी बसून आयकला हाय मी."

गिरिधर होता तिथं चिखलात बसला. आणि बोलला. सगळं. तीन वेळा वाजलेला फोन, कोण म्हणून विचारलेलं, थांबलेली घरघर, ओढलेली तार, पंगत, तूप, पोलिसाला दाखवलेलं दुसरीकडचं कार्ड. बाईंकडे बघायची हिंमत नव्हती, तो मोबाइलकडे बघून बोलत होता. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, घरघर मंदावते आहे. एकसारखी होते आहे. दम्याची उबळ बसल्यावर माणसाला डोळा लागतो तशी.

"मी आयकलं होतं," तो म्हणाला. "मले समजलं होतं का आत मानूस हाय."

मोबाइल आपोआप बंद झाला.

मग बाई म्हणाल्या, "मंजे ते शुद्धीत होते."

"हो."

"आन् तीनदा फोन लावला त्याइनं."

"हो ताई."

बाई रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत, आणि गिरिधरनं तशी आशाही धरली नव्हती. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि पायऱ्या उतरल्या. वर्षभरात पहिल्यांदा.

"चाला," त्या म्हणाल्या. "आज सारं गाव पारावर हाय. हे असंच सांगाचं. एक शब्द गाळाचा नाही."

मारुतीच्या पारापाशी पोरं, बाया, म्हातारे, सगळे जमलेले. लाकडी बैलांच्या रांगा, झिरमिळ्या, बिस्किटांचे पुडे. त्या सगळ्यांच्या मधोमध गिरिधर उभा राहिला आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जे लोक गणपतरावांना पिऊन मेला म्हणाले होते ते समोरच बसलेले. ऐकता ऐकता त्यांनीही माना खाली घातल्या. मी त्याला विचारलं, लाज वाटली का रे? तो म्हणाला, काका, इतकी वाटली की अंगावर कापड नसल्यासारखं झालं, पण ती एकदाची बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन त्यानं जबाब बदलला. केस चालू आहे, व्हायचं ते होईल.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलं. पारावरून तो पिशवी न्यायला पुष्पलताबाईंच्या घरी परतला. पिशवी पडवीतच खुंटीला होती, पावसाच्या गारव्यात. मघाच्या फोनचं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं, कारण डबा तर तिकडं रिकामा. म्हणून त्यानं कार्ड बाहेर काढलं. फडकं सोडलं आणि हात मागे घेतला.

कार्ड गरम होतं. रात्रभर काम केलेल्या डब्यातून नुकतंच उपसल्यासारखं.

करिष्मा बाजूला उभी होती. तिनं ते कार्ड फडक्यातून घेतलं, दोन्ही तळव्यांत धरलं, आणि पार निवेपर्यंत तशीच पडवीत उभी राहिली.